रत्नदुर्ग आणि दीपगृह, कोल्हापूरहून एका दिवसात फोटोसाठी जमतंय का?

रंकाळा_क्लिक:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबडा आहे, सांभाळून घ्या.

मी कोल्हापूरचा, फोटोचा नाद तीन वर्षांपासून. कॅमेरा सेकंडहँड, क्रॉप सेन्सर, किटची १८-५५ आणि ५५-२५० अशा दोनच लेन्सा, ट्रायपॉड बऱ्यापैकी आहे. रंकाळा, पन्हाळा, जोतिबा सगळं काढून झालं. आता समुद्र पाहिजे, पण नारळाची झाडं आणि वाळूत काढलेलं बदाम असला समुद्र नको, कडे पाहिजेत, कातळ पाहिजे, त्यावर फुटणारी लाट आणि वर दीपगृह, असं काहीतरी डोक्यात बसलंय.

मागच्या मे महिन्यात रत्नागिरीला घरच्यांसोबत गेलो होतो. रत्नदुर्गावर पोचलो दुपारी एकला, वर पांढरं आभाळ, खाली पांढरं पाणी, मध्ये मी घामाघूम, भगवतीचं दर्शन झालं तेवढंच काय ते पुण्य. मग मांडवीला भेळ खाण्यात वेळ गेला आणि दीपगृहाकडं पोचलो साडेसहाला, तोवर गेट बंद. चूक माझीच, आधी विचारलं नव्हतं. आणलेले फोटो बघून बायको म्हणाली की हे तर गुगलवर पण आहेत. खरं सांगायचं तर गुगलवरचे बरे होते.

तर आता डिसेंबरात एक दिवस काढायचा विचार आहे. मुक्काम करायचा नाही, पहाटे निघून रात्री परत. प्रश्न असे की सनसेटला नेमकं कुठं उभं राहायचं, दीपगृह फ्रेममध्ये कसं घ्यायचं, आणि ड्रोन चालतं का, मित्राचं आहे, छोटंच आहे. शनिवार-रविवारच जमतोय शक्यतो.

आणि हो, तिथं काळा समुद्र आणि पांढरा समुद्र असं दोन्ही आहे म्हणे. आम्हाला तांबडा-पांढरा तेवढा कळतो, त्यामुळं जरा समजावून सांगा.

आंबा_पोळी:

रत्नदुर्ग कशाला, जयगडला जा. निवळी फाट्यावरून सरळ रस्ता, फक्त पोर्टचे ट्रक असतात ते सांभाळा. जयगडला दीपगृह आहे, किल्ला आहे शास्त्री नदीच्या मुखावर आणि कऱ्हाटेश्वराचं देऊळ तर अगदी कड्याला चिकटून, लाटा खाली आपटत असतात. देवळाखाली पायऱ्या उतरून गोमुख आहे, समुद्राला लागून गोडं पाणी. गर्दी नाही. बाकी काय सांगू, मी फोटो मोबाईलवर काढतो.

सड्यावरची:

जयगड छानच आहे, पण कोल्हापूरहून एका दिवसात येऊन-जाऊन करायचं तर रत्नागिरीच बरी, जयगडला जाऊन-येऊन दोन-अडीच तास वाढतात. माझं माहेर आणि सासर दोन्ही रत्नागिरीच, त्यामुळे थोडा पक्षपात धरून चाला.

आधी तुमचा काळा-पांढरा. रत्नदुर्गाचा डोंगर समुद्रात घुसलाय, घोड्याच्या नालेसारखा, तीन बाजूंना पाणी. त्याच्या दक्षिणेकडे मांडवी, तिथली वाळू काळी, कारण त्यात इल्मेनाईट नावाचं खनिज आहे, म्हणून तो काळा समुद्र. उत्तरेकडे भगवती बंदर आणि मिऱ्याची बाजू, तो पांढरा समुद्र. पाणी दोन्हीकडचं सारखंच खारट. फोटोवाल्यांना काळाच बरा, कारण ओली काळी वाळू आरशासारखी चकाकते, हे मी नाही म्हणत, दरवर्षी येणारे तुमच्यासारखेच लोक म्हणतात.

आता किल्ला. त्याचे तीन तुकडे धरा. बालेकिल्ला, जिथे भगवतीचं देऊळ. पेठ, जिथे वस्ती आहे. आणि दक्षिणेच्या टेकाडावर सिद्धा बुरुज, तिथे दीपगृह. बहुतेक जण देवीच्या पाया पडून, रेडे बुरुजावर सेल्फी काढून परत जातात, दीपगृहाकडे वळतच नाहीत. आत सोडतात ते संध्याकाळी, मी शेवटची गेले तेव्हा चारनंतर सोडत होते, तिकीट अगदी किरकोळ, कॅमेऱ्याचं वेगळं. वेळ बदलते, त्यामुळे सकाळीच गेटवर विचारून ठेवा. वरून पाहिलं की बालेकिल्ल्याची तटबंदी आणि त्याखाली कड्यात उघडणारं भुयाराचं तोंड दिसतं, लाट आत शिरते आणि थोड्या वेळाने फेस बाहेर येतो. हा फोटो गुगलवर कमी आहे, तुमच्या सौभाग्यवतींना दाखवा.

ड्रोन विसरा. रत्नागिरीचा विमानतळ कोस्टगार्डकडे आहे, बंदर जवळ, दीपगृह सरकारी. छोटं-मोठं काही नाही, परवानगीशिवाय उडवलंत तर दिवस पोलीस चौकीत जाईल.

आणि शेवटचं, शनिवार-रविवार बघून येऊ नका. तिथी बघून या. का ते रात्री लिहिते, आता डबे भरायचेत.

रंकाळा_क्लिक:

ताई एकदम भारी, भुयाराचं माहीतच नव्हतं. पण तिथी म्हणजे? मुहूर्त बघून फोटो काढायचा का?

सड्यावरची:

मुहूर्तच म्हणा.

आमच्याकडे एक साधा हिशेब आहे, लहानपणी आजोबांनी शिकवलेला. ते काही होडीवाले नव्हते, पोस्टात होते, पण रविवारी कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, काढायला जायचे आणि पाण्याची वेळ चुकली की नुसती कोयती घेऊन परत यायचे. तर तिथीचा जो आकडा असेल त्याला पाऊणने गुणायचं, येईल ती भरती पूर्ण होण्याची वेळ. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा, पौर्णिमेला पंधरा गुणिले पाऊण म्हणजे सव्वाअकरा. दिवसाची पण आणि रात्रीची पण. त्यात सहा-सव्वासहा तास मिळवले की सुकती, म्हणजे ओहोटी संपून पाणी सगळ्यात खाली. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण कालनिर्णय भिंतीवर असलं की मोबाईलची गरज नाही.

आता यातली गंमत बघा. उधाण येतं पौर्णिमेला आणि अमावास्येला, पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि सगळ्यात जास्त उतरतं. पण या दोन्ही दिवशी भरती ठरलेली, अकरा-बाराच्या सुमाराला. म्हणजे आमच्या किनाऱ्यावर उधाणाची मोठी लाट नेहमी भर दुपारी नाहीतर मध्यरात्री. तुम्हाला सनसेटला कातळावर फुटणारी मोठी लाट पाहिजे, ती पावसाळा सोडला तर मिळायची कठीण. संध्याकाळी सहाला भरती पाहिजे तर अष्टमी, आणि अष्टमीला असतो भांग, पाणी मरगळलेलं, धड चढत नाही की उतरत नाही. मे महिन्यात तुम्ही कोणत्या तिथीला आलात देव जाणे.

उलट पौर्णिमा-अमावास्येला पहाटे पाच-सव्वापाचला आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास पाणी पार खाली गेलेलं असतं. मांडवीच्या टोकाला डोंगराच्या पायथ्याशी खडपं उघडी पडतात, मध्ये मध्ये पाण्याची डबकी राहतात, वाळूचा पट्टा दुप्पट रुंद होतो. तेव्हा फुटणाऱ्या लाटेच्या मागे लागू नका, उघड्या कातळाचा आणि डबक्यातल्या आभाळाचा फोटो काढा. माझं मत विचाराल तर तोच आमचा खरा समुद्र.

कोथरूड_एफ११:

ताईंचा तिथीचा हिशेब वाचून फार आनंद झाला, भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहिला, बसतो. त्यात थोडी भर घालतो, आणि मूळ प्रश्नातली एक चूकही सांगतो, राग मानू नये.

डिसेंबरात सनसेटला दीपगृह घ्यायचं हे मुळातच चुकतंय. मांडवीवर उभं राहून पश्चिमेकडे पाहिलं की रत्नदुर्गाचा डोंगर उजव्या हाताला, थोडा वायव्येकडे येतो. हिवाळ्यात सूर्य मावळतो नैऋत्येकडे सरकून, म्हणजे डाव्या हाताला उघड्या समुद्रात. दीपगृह एकीकडे, सूर्य दुसरीकडे, मधे अर्धं आभाळ रिकामं. १८ एमएमवर घेतलंत तर दोन्ही बसेल, पण दीपगृह उदबत्तीएवढं. मेमध्ये सूर्य उजवीकडे सरकून डोंगराच्या बाजूला येतो, पण तेव्हा तुम्ही भेळ खात होतात.

पण, आणि हा पण महत्त्वाचा आहे. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो, म्हणून हिवाळ्यातला पूर्ण चंद्र उन्हाळ्यातल्या सूर्याच्या वाटेने जातो. डिसेंबरातली पौर्णिमा पहाटे मावळते ती वायव्येकडे सरकून. म्हणजे मांडवीवरून पाहिलं तर डोंगराच्या आणि दीपगृहाच्या बाजूला! सनसेट सोडा, पहाट धरा. पौर्णिमेची पहाट, चंद्र मावळतोय दीपगृहामागे, आभाळ निळं व्हायला लागलंय आणि दीपगृहाचा दिवा अजून चालू. शिवाय ताईंच्या हिशेबाने पाणी खाली, ओली काळी वाळू. या सगळ्या गोष्टी एका वेळी जुळून येण्याची तिथी वर्षात दोन-तीनच.

लेन्स ५५-२५० पुरेल. लोकांना वाटतं मोठ्या चंद्रासाठी मोठी लेन्स लागते. लेन्स लागतेच, पण त्याहून जास्त लागतं अंतर. चंद्राची थाळी साधारण अर्ध्या अंशाची. एक किलोमीटरवरून पाहिलं तर ती नऊ मीटर उंचीच्या वस्तूएवढी दिसते, दोन किलोमीटरवरून अठरा मीटरच्या. म्हणजे दीपगृहाच्या जितकं लांब जाल तितका चंद्र त्याच्या तुलनेत मोठा. जवळ जायचा मोह टाळा, मागे सरका.

एक्स्पोजर एक सेकंदाच्या वर नको, २५० एमएमवर चंद्र हलून पुसट होतो. एफ ८, आयएसओ ४०० पासून सुरू करा आणि उजेड वाढेल तसं कमी करा. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्ये, काढा. जेपीजी काढणार असाल तर कृपया हा सल्ला वापरू नका.

आणि पौर्णिमा सूर्योदयाला चालू असेल ती पहाट निवडा, तेव्हा चंद्र सूर्य उगवायच्या जरा आधी मावळतो. प्रतिपदेच्या पहाटे चंद्र वर असतानाच उजाडतं, मग तो पापडासारखा फिकट दिसतो.

रंकाळा_क्लिक:

थांबा थांबा. डिसेंबरातली पौर्णिमा म्हणजे मार्गशीर्षातली, म्हणजे दत्तजयंती!! त्या दिवशी आमच्या घरचे सगळे नरसोबाच्या वाडीला असतात, आई तर पंधरा वर्षं चुकलेली नाही. मी म्हणालो की आई यंदा मी रत्नागिरीला जातो चंद्र बघायला, तर घरात राहू देतील का?

आंबा_पोळी:

संध्याकाळी वाडीला जन्मकाळ करा, प्रसाद घ्या, रात्री तिथूनच निघा. दत्त महाराज स्वतःच फिरस्ते, ते समजून घेतील.

डेकवरून:

वाचतोय कधीचा, आता राहवलं नाही. मी जहाजावर असतो, गावी सहा महिने आणि पाण्यावर सहा महिने, तुम्ही लोक दीपगृह खालून बघता, आम्ही समोरून, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पहिली, दिवा सतत जळत नाही, झपका मारतो. प्रत्येक दीपगृहाचा झपका ठरलेला, किती सेकंदांनी, एकदा का दोनदा का तीनदा, आणि तो नकाशावर छापलेला असतो. रात्री किनाऱ्यावर शंभर दिवे दिसतात, हॉटेलचे, बोटींचे, टॉवरचे, त्यातून मोजून ओळखायचं की हा अमुक, म्हणजे आपण इथं. हल्ली जीपीएस आहे, सगळं स्क्रीनवर दिसतं, तरी रात्रीच्या वॉचवर, म्हणजे पहाऱ्याच्या पाळीवर, किनारा जवळ आला की मी अजून मोजतो. स्क्रीन सांगते तेच समोर दिसलं की बरं वाटतं, दुसरं काही नाही. तर फोटोवाल्यांनी पण आधी उभं राहून मोजावं. एक सेकंदाचा शटर दोन झपक्यांच्या मध्ये पडला तर तुमच्या फोटोत दिवा विझलेला येणार आणि मग घरी जाऊन डोक्याला हात.

दुसरी, डोंगरावर का बांधतात. पृथ्वी गोल आहे म्हणून. समुद्रसपाटीपासून शंभर मीटरवर दिवा असेल तर क्षितिज पस्तीस किलोमीटर लांब जातं, आणि बघणारा जहाजाच्या ब्रिजवर म्हणजे तोही उंचावर, त्यामुळं अजून लांबून दिसतो. म्हणून काही दीपगृहं अगदी बुटकी असतात, डोंगरानंच उंची दिलेली असते. लोक बघून म्हणतात एवढंसंच!

आत गेलात तर दिवसा काचेला पडदे लावलेले दिसतील. ते उगाच नाहीत. ती भिंगं अशी असतात की दिव्याचा उजेड गोळा करून बाहेर फेकतात, तसाच दिवसा सूर्याचा उजेड गोळा करून आत पेटवू शकतात. पडदा सरकवा म्हणून माणसाच्या मागे लागू नका, एकजण लागलेला मी बघितलाय.

जमलं तर कधीतरी २१ सप्टेंबरला पण जा. १९२७ सालचा दीपगृहांचा कायदा झाला त्याची आठवण म्हणून तो दिवस पाळतात.

बर्फातला_भाऊ:

मूळचा साताऱ्याचा, सध्या मुक्काम हॅलिफॅक्स, कॅनडा. आमच्याकडे तासाभरावर पेगीज कोव्ह आहे, ग्रॅनाईटचा नुसता उघडा दगड आणि त्यावर पांढरं दीपगृह लाल टोपी घातलेलं, १९१५ साली बांधलेलं. जगातले लोक फोटोला येतात. आणि तिथं ठळक पाटी आहे की काळ्या दगडांवर जाऊ नका. दगड खरं तर सगळे राखाडीच, पण जो काळा दिसतो तो ओला, म्हणजे मागच्या थोड्या वेळात लाट तिथवर आलेली, म्हणजे परत येणार. तरी दर थोड्या वर्षांनी कोणीतरी वाहून जातंच, बहुतेक वेळा हातात कॅमेरा किंवा फोन.

कोकणात ही खूण चालणार नाही कारण तिथला कातळ जन्मतःच काळा नाहीतर जांभा लाल. पण ओला-कोरडा तर कळतो ना? उभं राहण्याआधी पंधरा मिनिटं नुसतं बघा पाणी कुठवर येतंय. आणि समुद्राकडं पाठ करून व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा घालू नका. माझ्या बायकोला सांगून ठेवलंय की मी फोटो काढताना तू पाण्याकडं बघायचं. ती म्हणते मग मी फिरायला आले कशाला, तेही खरंच आहे.

सड्यावरची:

भाऊ बरोबर बोलले. त्यात आमच्याकडचं एक सांगते. सुकतीनंतर पाणी फिरतं ते कळत नाही. समोरून लाट येते असं नाही, आधी मागच्या खोलगट भागात गुपचूप पाणी भरतं आणि तुम्ही ज्या खडपावर उभे त्याचं बेट होतं. पहाटे सव्वापाचला पाणी खाली म्हणजे साडेसहाला, तुमचा चंद्र मावळत असताना, ते चढायला लागलेलं असणार हे लक्षात ठेवा. पायात पट्ट्याची सँडल नको, बूट घाला, शेवाळ घसरतं आणि कालवाची धार पावात सुरी फिरावी तशी पायात फिरते. ट्रायपॉडचे पाय घरी गेल्यावर गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर पुढच्या वेळी उघडणार नाहीत.

आंबा घाटात रात्री सावकाश. धुकं असतं, गवे रस्त्यावर येतात आणि चौपदरीकरणाचं काम कुठे कुठे चालू आहे. पाली, हातखंबा करून आलात की सरळ मांडवी, गाव झोपलेलं असेल.

रंकाळा_क्लिक:

(साडेतीन आठवड्यांनी)

मंडळी, जाऊन आलो!! सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

आंबा_पोळी भाऊंचा सल्ला घरात मांडला, म्हणजे मलाच सुचलं असं सांगितलं. वाडीला जन्मकाळ झाला, प्रसाद झाला, आई-बाबा आणि बायकोला कोल्हापुरात सोडलं, दीडला मी आणि मित्र निघालो, ड्रोनशिवाय. बायको म्हणाली होती की येते, पण दीड वाजता उठवल्यावर तिनं जे सांगितलं ते इथं लिहिता येत नाही. आंब्याच्या अलीकडं गवा आडवा आला, एकच, पण आख्खा रस्ता त्याचाच, आम्ही लाईट बारीक करून दहा मिनिटं बसलो, तो बघत होता, आम्ही पण बघत होतो.

मांडवीला पोचलो पाच वाजून दहा मिनिटांनी. आणि ताई, पाणी खरंच नव्हतं हो! मे महिन्यात जिथं आम्ही पाय भिजवले होते तिथून पुढं हे एवढं लांब गेलेलं. वाळू काळी, ओली, वर चंद्र, खाली चंद्र. मित्र म्हणाला रंकाळ्यावर पण दिसतो असा, मी त्याला गप केलं.

डेकवरून साहेबांचं ऐकून पहिलं काम झपके मोजायचं केलं, मित्रानं मोबाईलवर सेकंद धरले, मी एक दोन तीन म्हणत होतो. भारी वाटत होतं, आपण उगाच जहाजावर आहोत असं. मग २५० लावली, मागं सरकत सरकत गेलो, चंद्र टॉवरच्या डाव्या बाजूला वर. ॲपमध्ये मावळायची वेळ बघून ठेवली होती, अजून बराच वेळ आहे म्हणून निवांत. आणि इथं गडबड झाली. ॲप धरतं सपाट क्षितिज, इथं मध्ये डोंगर! चंद्र डोंगराआड जाणार तो ॲपच्या कितीतरी आधी, हे ना मला सुचलं ना कोथरूड साहेबांनी सांगितलं. बघतोय तोवर तो टॉवरच्या टोकाला टेकायला आला आणि खाली उतरताना उजवीकडं सरकत होता, सरळ नाही. म्हणजे धरायचा तर मला डावीकडं पळायला पाहिजे, आणि डावीकडं म्हणजे पाण्याकडं.

ट्रायपॉड खांद्यावर टाकून पळालो. थांबायचं, तीन फोटो, परत पळायचं. पाणी उतरलेलं होतं म्हणून पळायला जागा तरी होती, भरती असती तर पोहावं लागलं असतं. एका ठिकाणी पाय रोवले, चंद्र बरोब्बर टॉवरच्या मागं, अगदी थाळीत समई ठेवावी तसा, आणि ट्रायपॉडचा एक पाय वाळूत खचायला लागला. मित्रानं तो पाय हातानं धरून ठेवला, त्यात अकरा फोटो काढले. मग चंद्र गेला.

त्यानंतर डोंगराच्या पायथ्याला खडपांकडं गेलो, उजेड चांगला होता, डबक्यात गुलाबी आभाळ, किट लेन्सवर काढले ते फोटो खरं सांगायचं तर चंद्रापेक्षा बरे आलेत. तिथं एक आजी कालवं काढत होत्या, कोयतीनं टकटक. मी वाकून फोकस करत होतो, त्या मागं न बघताच म्हणाल्या, पाणी फिरलं हो, वर सरा. मला काहीच दिसलं नव्हतं. मागं वळून बघितलं तर आलो होतो तिथं घोट्याएवढं पाणी.

दिवसभराचं थोडक्यात, आरे-वारेचा रस्ता केला, वरून दोन्ही किनारे एका फ्रेममध्ये येतात तो सगळ्यांच्याकडं असलेला फोटो काढला, दुपारी माशाचं ताट खाऊन गाडीतच दोन तास झोपलो, आणि चार वाजता दीपगृहाच्या गेटवर हजर. ह्या वेळी उघडं होतं. भुयारात शिरणारी लाट वरून घेतली, फेस बाहेर यायला किती वेळ लागतो तेसुद्धा मोजलं, आता सगळं मोजायची सवय लागली आहे. पडदे होते, सरकवा म्हणालो नाही. रात्री अकराला घरी.

आता ते अकरा फोटो. चार हललेले. दोनात फोकस मित्राच्या डोक्यावर. एकात चंद्र बरोब्बर पण टॉवर तिरका. राहिले चार, चारही एकदम शार्प, चंद्रावरचे डाग दिसतात, टॉवरची जाळी दिसते. आणि चारही फोटोंत दिवा विझलेला. पळापळीत मोजायचं राहून गेलं.

डेकवरून:

😂😂 सांगितलं होतं.

कोथरूड_एफ११:

डोंगराच्या उंचीचा मुद्दा माझ्याकडून सुटला, मान्य. पुढच्या वेळी आदल्या दिवशी त्याच जागेवरून डोंगर क्षितिजापासून किती अंश वर येतो ते मोजून ठेवा, हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश, करंगळी एक अंश. चंद्राला एक अंश उतरायला चार मिनिटांच्या थोडं वर लागतात, तेवढी मिनिटं ॲपच्या वेळेतून वजा. रॉ आहेत ना?

रंकाळा_क्लिक:

रॉ आहेत. पौषातली पौर्णिमा कधी आहे ते कॅलेंडरवर बघून ठेवलंय, शाकंभरी पौर्णिमा, त्या दिवशी घरात काही कार्यक्रम नाही. मित्र तयार आहे. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

सड्यावरची:

त्यांना घेऊनच या, पण आदल्या दिवशी संध्याकाळी, आणि आमच्याकडे मुक्कामाला. पहाटे दीडला कोणाला उठवत जाऊ नका.